भाट्यातला मुका संगणक

योगिनी सुर्वे रत्नागिरीत घरी बसून मुंबईच्या एका कंपनीचं काम करायची आणि उरल्या वेळात 'सादवाणी' सांभाळायची. पडद्यावरचा मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्राम. अंध माणसं तो वापरतात हे तिला माहीत होतं, पण त्यातलं कुणी तिला कधी भेटलं नव्हतं.

जुन्या, ३२-बिट प्रकारच्या संगणकांसाठी प्रोग्रामची वेगळी प्रत काढायची तर ती तयार करणारं जुनं बिल्ड टूल जिवंत ठेवावं लागे. ते दर खेपेला कुठेतरी अडायचं आणि तिचा रविवार खाऊन टाकायचं. वैतागून तिने 'सादवाणी'च्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्या सभासदांना एकदम मेल पाठवून विचारलं, असे संगणक अजून कुणी वापरतं का? कुणाचंच उत्तर आलं नाही.

"जे वापरतात ते लिस्टवर नसतात गं," तिच्यासोबत 'सादवाणी' सांभाळणारा ओमकार फोनवर म्हणाला. "थोडं थांबूया."

"आणखी किती थांबायचं?" म्हणत तिने जुन्या संगणकांसाठीचा भाग काढून टाकला आणि नवं अपडेट सगळ्यांना पाठवलं. त्या संध्याकाळी तिला फार मोकळं वाटलं.

पुढे दिवाळीच्या सुमारास एक मेल आला. लिहिणारी मनस्वी शिवलकर. 'माझा भाऊ अनिल याला दिसत नाही. काही महिन्यांपासून त्याचा संगणक बोलत नाही. काय करायचं?' खाली पत्ता भाट्याचा होता. पूल ओलांडला की भाट्ये.

योगिनी स्कूटरवरून गेली. पडवीत अनिल जाळ्याची भोकं बोटांनी चाचपून शिवत होता. आजारपणात डोळे जाईपर्यंत तो बापाबरोबर होडीवर जायचा. मग मुंबईच्या मामाने वापरून जुना झालेला संगणक पाठवला आणि तो कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास करू लागला.

"परीक्षा कधी आहे?" योगिनीने विचारलं.

"झाली. गेल्या महिन्यात." त्याने सुई थांबवली. "त्याच्या आधीच मशीन बोलायचा बंद झाला. म्हटलं, माझ्याच हातनं कायतरी बिघडला. लाजेनं घराबाहेर कुणाला सांगितला नाय. मनस्वी दुकानातल्या कामावरनं येऊन वाचून दाखवायची, पण तेवढ्यानं अभ्यास होतोय काय? वयाची अट होती. आता पुढच्या वेळेला बसता यायचं नाय."

योगिनीला 'दुरुस्त करून देते' एवढंच सांगून निघून जाणं शक्य होतं.

"तुमच्या हातून काही झालं नाही," ती म्हणाली. "जुन्या संगणकांसाठी प्रोग्राम काढणं मीच बंद केलं. मला कंटाळा आला होता."

अनिलने जाळं बाजूला ठेवलं. दारात उभी असलेली मनस्वी म्हणाली, "कुणाला विचारलं नव्हतंत?"

"विचारलं होतं. पण तुम्हाला ऐकू जाईल अशा ठिकाणी नाही."

घरी येऊन तिने जुनं बिल्ड टूल परत बसवलं. ओमकार मदतीला आला. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. प्रोग्राम चालू झाल्यावर ती पुन्हा भाट्याला गेली. संगणक बोलू लागला तसा अनिल खुर्ची पुढे ओढून बसला, एक जुना धडा उघडला आणि ऐकत राहिला.

"आता कुठली परीक्षा?" तिने हळूच विचारलं.

"बघू. सध्या नुसतं ऐकतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं योगिनीला पुलावरून परतताना वाटत राहिलं.