मिस्त्रींची पँट आणि माझी साठ इंचांची अक्कल

टण्ण.

सकाळच्या शांततेत मिस्त्रींच्या पँटचं बटण उडालं, दुधाच्या पातेल्यावर आदळलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. टेबलाशी बसलेली तिघंही कपाटाकडे बघत राहिली. खुंटीवर लोंबकळत मी मनातल्या मनात म्हटलं, फुटलं बिंग.

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. मापं घ्यायची, साठ इंची, एके काळी पिवळीधमक. माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा हजारो बहिणींवर एकाच यंत्राने एकसारखे आकडे छापले. त्यामुळे जगात सगळ्यांना एकच माप लागू पडतं, अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. ती कशी धुळीला मिळाली, तेच सांगते.

माझ्या मालकीणबाई शिंपीण. 'बाईंची टेप खोटं बोलत नाही,' असं गिऱ्हाइकं म्हणायची, तेव्हा मी अशी काही ताठ व्हायचे की बाईंना मला गुंडाळणं जड जायचं. काम संपलं की मात्र माझी किंमत शून्य. बाईंची मुलगी मला दोरीउड्यांना घ्यायची. तिला सगळे टाचणी म्हणतात, कारण ती बारीक आहे आणि तिचे प्रश्न टोचतात.

बाई आणि त्यांचे यजमान मिस्त्री, दोघांच्याही रक्तात एचआयव्ही नावाचा विषाणू आहे. दवाखान्याच्या बाकावर गोळ्यांसाठी ताटकळतानाच त्यांची ओळख झाली, पुढे लग्न झालं. रोज एक गोळी घेतली की तो विषाणू कोपऱ्यात निमूट बसून राहतो. टाचणी पोटात असताना बाईंनी गोळ्या नेमाने घेतल्या, म्हणून तिला तो शिवलासुद्धा नाही. दोघांची गोळी एकच. माणसं मात्र दोन मुलखांतली. मिस्त्रींचे आजे-पणजे समुद्रापलीकडून आलेले, उंचेपुरे, काळेभोर. बाईंचं माहेर गव्हाळ, काटकुळ्या माणसांचं.

गेल्या वर्षी दोघांना नवी गोळी मिळाली आणि मिस्त्रींची कंबर वाढू लागली. बाईंची आहे तिथेच. आता मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करणारे. लिफ्टच्या छतावर चढायला एक अरुंद झडप असते, तिच्यातून त्यांना रोज जावं लागतं. पोट सुटलं म्हणून हा माणूस गोळीच सोडून देईल, याची बाईंना धास्ती. मग त्या गुपचूप त्याच्या पँटच्या शिवणी उसवून सैल करू लागल्या. शिवणीच्या आत जादा कापड राखलेलं असतं, शिंपी त्याला माया म्हणतात. मी मोजायचे, बाई सोडायच्या. मिस्त्री आरशापुढे म्हणायचे, "बघ, अजून तीच पँट होते मला." आम्ही दोघी इकडेतिकडे बघायचो.

शेवटी माया संपली आणि बटण उडालं.

मिस्त्रींनी कमरेची पट्टी उलटून पाहिली. उसवलेल्या टाक्यांच्या रेघांवर रेघा.

"कितीदा सैल केलीस?"

"मोजलं नाही."

"तू? मोजलं नाहीस?"

बाई दूध ढवळत बसल्या. मिस्त्री म्हणाले, "काल मी झडपेत अडकलो. धड वर, पाय खाली. खालून साहेब विचारतो, मिस्त्री, बंद कोण पडलंय, लिफ्ट की तुम्ही? ही गोळी आजपासून बंद."

"वेड लागलंय का तुला?"

"तुला काय जातं बोलायला? तीच गोळी खातेस आणि काडीची काडीच."

"अरे, कापड आणखी आणता येतं," बाई म्हणाल्या. "तू गेलास तर तुला कुठल्या दुकानातून आणू?"

मिस्त्रींनी तरीही गोळी घेतली नाही. बाईंनी गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकली, पाठोपाठ मला टाकलं, आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. पँटला मोठी सेफ्टी पिन.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गोळीवर राग काढू नका. बंद केलीत तर कोपऱ्यातला तो पाहुणा घरभर नाचेल. तुमच्या मुलखाकडच्या लोकांचं वजन या गोळीवर जास्त वाढलेलं आम्ही पाहतो. त्यात कुळाचं किती, खाण्याचं किती, धकाधकीचं किती, ते आम्हालाही नीट उलगडलेलं नाही. वजनावर उपाय करू. लागलीच तर गोळी बदलू. पण बदलायची मी, तुम्ही नाही." मग त्या बाईंकडे वळल्या. "नवी गोळी सुरू केल्यानंतरची तुमची रक्ततपासणी राहिली आहे. बोलावलं तेव्हा आला नाहीत."

बाईंनी मला ऐटीत काढून कमरेभोवती फिरवलं. "बघा. लग्नात होते तेवढीच आहे. मला कशाला तपासणी?"

"टेप छान आहे. ती आत जाऊन बघते का?"

मी पहिल्यांदाच सैल पडले.

रक्त घेतलं, आणि बाईंची साखर चांगलीच चढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळीवर काहींची साखर चढते, आणि तुमच्याकडच्या बारीक माणसांनाही ती गाठते. कंबर बघून फसू नये."

"म्हणजे मी बाहेरून फुगलो," मिस्त्री म्हणाले, "आणि ही आतून गोड झाली. इतकी वर्षं बोलण्यात तरी कधी जाणवलं नाही."

बाई हसल्या नाहीत. त्या मला हाताभोवती गुंडाळत राहिल्या. मिस्त्रींनी तो हात धरला, दुसऱ्या हाताने पर्समधली बाटली काढली आणि आजची गोळी तिथल्या तिथे, पाण्याशिवाय गिळली.

मित्रांनो, माझा आकडा चुकला नव्हता. तो कमरेचा होता, रक्ताचा नव्हता, एवढंच. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे (हात नाहीत, दोन्ही टोकं जोडते): बारीक असा वा जाड, तपासणीला जा. गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. आणि कृपा करून मला दोरीउड्यांना घेऊ नका.

आता दोघं संध्याकाळी लांबवर चालून येतात. काल आल्याआल्या बाईंनी टाचणीला फ्रॉकच्या मापासाठी स्टुलावर उभं केलं.

"आई, एकच गोळी. बाबांच्या अंगाने एक केलं, तुझ्या अंगाने भलतंच."

"हो. हात वर कर."

टाचणीने हात वर केले. "आणि मी अर्धी तुझी, अर्धी बाबांची ना?"

"हो गं. हलू नको."

"मग मोठेपणी माझं अंग कुणाचं ऐकणार?"