तपासणीपुरती पुस्तकं

तपासणी मंडळ येणार म्हटलं की विद्यापीठात रंगाचे डबे उघडायचे, मोकाट शेळ्या आवाराबाहेर हाकलल्या जायच्या आणि ग्रंथालयात पुस्तकं यायची. उसनी! त्याचं कुणाला काही वाटत नसे. आज तुम्ही आम्हाला द्या, उद्या तुमच्या तपासणीला आम्ही देऊ. लग्नात शेजारणीचे दागिने घालावेत, तसं.

ग्रंथपाल मोरोलाकेबाई मात्र या खेपेला धास्तावल्या होत्या. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची मान्यता जायची वेळ आली होती, आणि कपाटात होतं काय? दान आलेल्या शाळकरी पुस्तकांच्या चवडी. दर वर्षी बाई प्राध्यापकांच्या मागे लागून हव्या त्या पुस्तकांची मागणी पाठवायच्या, आणि दर वर्षी तो पैसा कुलगुरूंच्या नव्या कमानीत नाहीतर अतिथिगृहात जिरायचा. भांडायला हवं होतं. भांडल्या नाहीत. निवृत्ती जवळ आली की भल्याभल्यांची वाचा बसते.

मग शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठातून व्हॅन भरून पुस्तकं आली. पहिल्या पानावरच्या त्यांच्या शिक्क्यांवर बाईंनी स्वतःच्या हातानं आपल्या ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या डकवल्या.

तपासणीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे विद्यार्थ्यांना आणून वाचायला बसवलं. बाकीचे नुसती पानं उलटत होते. अबिदेमी खरोखर वाचत होती. शेवटच्या वर्षाची पोर. ताऱ्यांच्या वर्णपटांवर तिचा प्रकल्प, आणि याच एका पुस्तकासाठी तिनं वर्षभर बाईंकडे खेटे घातले होते. "येईल गं, मागवलंय," असं म्हणून बाई तिला वाटेला लावायच्या. आज ते कपाटात दिसताच ती धावत आली होती आणि सगळ्यांदेखत, तिथं मोठ्यांपुढे टेकतात तसे दोन्ही गुडघे टेकून म्हणाली होती, "मॅडम, तुम्ही शब्द पाळलात! देव तुमचं भलं करो."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ऊठ, ऊठ. जा, वाच," एवढंच त्यांना सुचलं.

दुपारी मंडळातले म्हातारे प्रोफेसर फिरत फिरत नेमके तिच्याच टेबलाकडे वळले. चोराच्या मनात चांदणं! बाई लगबगीनं तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. उघड्या पानावर, खाली कोपऱ्यात, त्या दुसऱ्या विद्यापीठाचा जांभळा शिक्का होता. चोरी पकडता यावी म्हणून प्रत्येक ग्रंथालय आतल्या एका ठरलेल्या पानावर असा शिक्का मारतंच. बाईंचा जन्म गेला होता ते मारण्यात, आणि झाकायचा नेमका तोच राहून गेला.

अबिदेमीनं शिक्का पाहिला. मग मान वळवून बाईंकडे पाहिलं. मग सावकाश त्यावर हात ठेवला.

"काय वाचतेस, पोरी?" प्रोफेसरांनी विचारलं.

"ताऱ्यांचे वर्णपट, सर."

"छान, छान! आणि अशी पुस्तकं मिळतात ना वेळेवर?"

"हो सर. कधीही मागा. मॅडम नाही म्हणतच नाहीत."

सांगून टाकावं, असं बाईंना फार वाटलं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण दारातून कुलगुरू म्हणाले, "चला सर, भात गार होतोय!" आणि बाईंनी ते मिटलं. लेकीच्या वयाची पोर आपल्यासाठी खोटं बोलली, आणि आपण ते बोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅन परत आली. "मॅडम, एक पुस्तक कमी आहे!" ड्रायव्हर ओरडला. "मी तिकडे काय तोंड दाखवू?"

तोंड! बाई बाहेर आल्या. पायरीवर अबिदेमी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पानांचे फोटो काढता काढता मोबाइल बंद पडला होता, वीज कालपासून नव्हती, म्हणून आता ती हातानंच भराभर उतरवून घेत होती.

"अबिदेमी," बाई तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या. "पोरी, काल तू माझ्यासाठी..."

तिनं उतरवत असलेली ओळ पुरी केली, नेहमीसारखे गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी पुस्तक पुढे केलं. आवाजात ना राग, ना टोमणा. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मॅडम, पुढच्या तपासणीला याचा दुसरा भागसुद्धा मागवाल?"

"अगं, ती पाच वर्षांनी. तू कुठे असशील तेव्हा इथे?"

"मी नसेन," अबिदेमी म्हणाली. "माझी धाकटी बहीण असेल."