नखभर आखूड पाय

आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझं वर्कशॉप आहे. खोली नऊ बाय सातची. पूर्वी तिथे गाद्या, फुटका पंखा आणि कुणाचा तरी पाळणा असं निरुपयोगी सामान होतं. ते काढून मी तिथे दुसऱ्यांचं निरुपयोगी सामान आणलं.

कामाचं टेबल म्हणजे एका बंद पडलेल्या दवाखान्याचा दरवाजा, चार लोखंडी पायांवर आडवा टाकलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ढकला’ असं लिहिलंय. खिळे-स्क्रू ठेवायला मोडीत निघालेल्या औषधाच्या दुकानाचं बावीस खणांचं कपाट आहे. खणांवरच्या चिठ्ठ्या काही केल्या निघेनात, त्यामुळे बारीक खिळे ‘खोकला’मध्ये, मोठे ‘पोटदुखी’त, आणि वॉशर ‘बाळांसाठी’मध्ये. अकरा हातोड्यांची डोकी आहेत, दांड्याविना. एक दांडा आहे, तो अकरांपैकी एकाही डोक्यात जात नाही. शिवाय चारशे बिजागऱ्या आहेत, सगळ्या डाव्या. उजव्या कुणीतरी आधीच उचलल्या होत्या. तो माणूस भेटला तर आम्ही दोघं मिळून एखादं गाव दारांसकट उभं करू.

हे सगळं मला भंगारवाला द्यायचा. कुठला कारखाना मोडला, कुठल्या शाळेनं बाकं काढली, की त्याचा फोन यायचा. “साहेब, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.” आयुष्यात माझ्यासाठी कुणी काही बाजूला काढून ठेवलं नव्हतं. शाळेत बाईंनी मलाच बाजूला काढलं होतं, ते वेगळं. त्यामुळे फोन आला की मी जायचो आणि काहीतरी जड घेऊन परत यायचो.

दोन वर्षांत या वर्कशॉपमध्ये तयार झालेली एकमेव वस्तू म्हणजे हे वर्कशॉप.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. एक दिवस ती वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली (आत उभं राहायला जागा नाही) आणि म्हणाली की गुडघा बदलल्यावर खाली बसायचं नाही, फार वेळ उभंही राहायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. तर ओट्याशी बसून भाजी चिरता येईल असं एक उंच स्टूल कर. तुझ्याकडे एवढं सगळं आहे. हे ती टोमणा म्हणून म्हणाली असती तर मी सहज निसटलो असतो. ती मनापासून म्हणाली.

ऑपरेशनला तीन महिने होते. पहिला महिना मी लाकूड शोधण्यात घालवला. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की लाकूड आहे पण ते पकडून ठेवायला शिकंजा नाही, म्हणून शिकंजा आणला. त्याला दांडी नव्हती. तिसरा महिना दांडीचा. आई दवाखान्यातून घरी येणार त्याच्या आदल्या दुपारी माझ्यापुढे एक फळी होती, तिच्यावर पेन्सिलची एक रेघ होती, आणि ती रेघसुद्धा तिरकी होती.

मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि फर्निचरच्या दुकानातून एक तयार स्टूल घेऊन आलो.

स्टूल फारच चांगलं होतं. चारही पाय सारखे, कडा गोल, पॉलिश असं की त्यात माझा चेहरा दिसत होता, आणि तो दिसणं मला नको होतं. हे मी बनवलंय यावर खुद्द माझ्या आईनेही विश्वास ठेवला नसता. म्हणून मी ते माझं दिसेल असं करायला घेतलं. पॉलिश पेपरने चकाकी घालवली. दोन खिळे जास्तीचे ठोकले. बैठकीखाली एक डावी बिजागरी बसवली, जी काहीही उघडत नव्हती. तरीही ते कारखान्यातलंच वाटत होतं. मग मी करवत घेतली आणि एका पायाचा खालून नखभर तुकडा कापला. स्टूल जमिनीवर ठेवलं. डुगडुगलं. आता ते माझं झालं.

आई घरी आली, वॉकर भिंतीला टेकवला, स्टुलावर बसली. डुगडुग. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही हात बैठकीवरून फिरवले आणि म्हणाली, “किती मऊ केलंयस रे.”

पुढचे दोन महिने आमच्याकडे जो येईल त्याला ते स्टूल दाखवण्यात आलं. आई सांगायची, पोरानं केलंय, आणि हे बघा, बिजागरीसुद्धा लावलीय. लोक वाकून बिजागरी बघायचे आणि वा म्हणायचे. एकानेही विचारलं नाही की ती कशासाठी आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तसंच स्टूल हवं झालं. आईने परस्पर हो सांगितलं. मला दरदरून घाम फुटला, तर आई म्हणाली, बघ, तुला आत्तापासून कामाचं टेन्शन यायला लागलं, कारागिराचं लक्षण आहे.

गुडघा मात्र नीट होत नव्हता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई दर खेपेला सूज बघून वैतागायच्या. सहाव्या आठवड्यात पाय जेवढा वाकायला हवा त्याच्या निम्माही वाकत नव्हता. तुम्ही हा पाय दिवसभर ताठ धरून ठेवता का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, छे. मी तिथेच उभा होतो. मी पण मनात छे म्हणालो.

मग मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, चाळीस वर्षं सुतारकी केलेला. तो ताईची तब्येत बघायला आला होता, पण आईने तब्येत सांगायच्या आधी स्टूल सांगितलं. मामाने ते उचललं, उलटं केलं, चारही पायांवरून एकेक बोट फिरवलं. बिजागरीपाशी थोडा थांबला. मग सरळ करून खाली ठेवलं आणि म्हणाला, छान आहे. आई खूश झाली. मामा मला म्हणाला, चल, तुझं वर्कशॉप दाखव.

वर्कशॉपमध्ये त्याने ‘ढकला’वर हात ठेवला आणि बराच वेळ हातोड्यांच्या डोक्यांकडे बघत राहिला. मी त्याला प्रत्येक वस्तू किती स्वस्तात मिळाली ते सांगत होतो. माझं सांगून संपल्यावर तो म्हणाला,

“ते स्टूल कारखान्याचं आहे. डुगडुग तेवढी तुझी.”

मी ‘खोकला’चा खण उघडला आणि बंद केला.

“माणूस वाकडं कापतो ते नकळत,” मामा म्हणाला. “मापाची रेघ मारून वाकडं कापलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं. त्या पायावर तुझी पेन्सिल आहे अजून.” ती रेघ सरळ आली होती, हेही त्याने सांगितलं. मग म्हणाला की ताईला तो काही सांगणार नाही, ते माझं मी बघावं. फक्त ती त्या स्टुलावर बसते कशी, ते एकदा स्वयंपाकघरात जाऊन बघ.

मी गेलो. दोन महिने मी तिला बसलेली बघतच होतो, पण फक्त बसलेली. आता खाली बघितलं. आई गवार मोडत होती. आखूड पाय नेमका तिच्या ऑपरेशनच्या बाजूला होता. स्टूल तिकडे कलू नये म्हणून तिने आपला तो पाय जमिनीवर घट्ट रोवला होता, गुडघा ताठ, बोटं वळवून फरशी धरल्यासारखी. पोटरी थरथरत होती. वर चेहरा अगदी आरामात. काकूंना किती उंचीचं लागेल, असं ती मला विचारत होती.

मी तिला खरं काय ते सांगितलं. कुठे सुरू करावं कळेना म्हणून दुकानाच्या पत्त्यापासून सुरू केलं.

आई ओट्याला धरून उठली. गवारीचं ताट बाजूला सरकवलं.

“म्हणजे ते सरळ होतं.”

“हो.”

“आणि तू ते वाकडं केलंस.”

“हो.”

“का?”

“मी केल्यासारखं दिसावं म्हणून.”

मला वाटलं ती रागावेल. रागवायला हवी होती. त्याची मी तयारी करून आलो होतो, दोन विनोदही होते. तिने पदर नीट केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मला वाटलं, पहिलंच आहे. डुगडुगतं म्हटलं तर परत कशाला हात लावणार नाहीस. म्हणून धरून बसत होते.”

विनोद दोन्ही गेले.

बाहेर मामा चहाच्या कपात बघत बसला होता, जणू चहात काहीतरी पोहत होतं. आईने मोबाइल घेतला, माझ्यासमोरच वरच्या काकूंना लावला. म्हणाली, स्टुलाचं राहू दे, त्याला येत नाही अजून. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आई म्हणाली, हो, तेही दुकानातलंच, त्यानं नुसतं बिघडवलं. इतकं खरं माझ्याबद्दल तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. फोन ठेवून मला म्हणाली, “उचल ते. तीन पाय राहिलेत.”

मी स्टूल उचलून वर्कशॉपमध्ये नेलं. आई वॉकर टेकत मागोमाग आली. मी म्हटलं, तू जाऊन पड, मी करून आणतो. ती म्हणाली, तू काय आणतोस ते कळलंय मला.

खुर्ची आणतो म्हटलं. तिने खोलीभर नजर फिरवली. खुर्ची मावण्याएवढी फरशी कुठेच नव्हती. दोन वर्षं मी तिथे बाजूला काढून ठेवलेलं आणत होतो, आणि आता माझ्या आईला ठेवायला बाजू शिल्लक नव्हती. ती दारातच उभी राहिली, नवा गुडघा जरासा वर उचलून, सगळा भार जुन्यावर.

मी आखूड पायाचं माप घेतलं. दुसऱ्या पायावर रेघ मारली. मामा बाहेरच्या खोलीतून ओरडेल, निदान खाकरेल, असं वाटलं. खाकरला नाही. करवत लावली तर पातं रेघेवरून दोनदा घसरलं.

“किती वेळ उभी राहशील अशी?” मी विचारलं.

“तुझं होईपर्यंत.”

मी मान खाली घातली आणि कापायला लागलो. हळू कापावं तर तिचा पाय दुखणार, घाईने कापावं तर स्टूल पुन्हा माझंच होणार.