मागचं बटण

आमचा जुना कॉम्प्युटर ठो करून गेला. घरभर जळका वास. मी स्क्रू काढून कॅबिनेट उघडलं, आतला पॉवर सप्लाय हातात घेतला, तर काय, पत्र्याच्या रिकाम्या डब्याइतका हलका! बत्तीस वर्षं मी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. तांबं किती आहे ते माझ्या तळहाताला कळतं. हा सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट आला होता. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांच्या घरी हेच होतं. स्वतः तर जळलाच, वर मदरबोर्डही घेऊन गेला.

पेन्शन, बिलं, सगळं त्याच्यावरच व्हायचं आणि ते बायको बघायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं. शेवटी मुलीला फोन केला. ती लांबच्या शहरात एका ऑफिसात कॉम्प्युटरच दुरुस्त करते.

आता आमच्या फोनचं सांगतो. बायको होती तेव्हा मायलेकी तास तास बोलायच्या आणि शेवटी "हं, बाबांना देते" म्हणून फोन माझ्या हातात यायचा. मी म्हणजे त्या फोनचं शेपूट. ती गेल्यावर नुसतं शेपूट उरलं. "जेवलात?" "हो." "गोळी घेतली?" "हो." "ठेवू?" "ठेव." दर रविवारी हेच. मी घड्याळ लावून बघितलंय, पाऊण मिनिटाच्या वर कधी गेलं नाही. फोन ठेवल्यावर घर खायला उठायचं. मग मी उगाच फ्रिज उघडून बघायचो.

आणि सप्लाय जळल्याचं सांगितलं, तर पोरगी वीस मिनिटं बोलली!

"बाबा, या खेपेला कॅबिनेट आणि सप्लाय वेगवेगळे घ्या. बाकीचं, अगदी नवा मदरबोर्डसुद्धा, स्वस्तातलं चालेल. सप्लायमध्ये चिकटपणा नको."

"हे तू मला शिकवतेस?"

"मग कुणाला शिकवू? आधीचा कुणी आणला होता?"

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसूही आलं. आणणारा मीच होतो.

त्या दिवसापासून रोज सहाला, तिचं ऑफिस सुटलं की, फोन. मी सकाळी दुकानात जायचो, काय बघितलं ते वहीत लिहायचो आणि संध्याकाळी तिला वाचून दाखवायचो. दुकानदाराने पहिल्यांदा दाखवलं ते काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. मी पुढून हात लावून बघितला. हवा आत जायला भोकच नाही!

"बडा घर पोकळ वासा," मी त्याला म्हणालो. "हे आतल्या आत शिजून मरेल."

"अहो काका, लोक दिवे बघूनच घेतात."

"लोकांचं मला सांगू नका."

मग सप्लाय. एकावर मोठ्या अक्षरात वॉट छापलेले, आणि वजन बघावं तर चिमणीएवढं. दुसरा वजनाला बरा, तर मुलगी म्हणाली गॅरंटी एकच वर्षाची, नको. तिसरा मला पसंत पडला, तर तिने जोडीला दाखवलेल्या कॅबिनेटचं माप मागितलं, मी टेपने मोजून दिलं, आणि मग म्हणे याची वायर वरपर्यंत पोचायची नाही. चौथ्याला मीच नाकारलं, पंखा हाताने फिरवला तर कुरकुरला म्हणून. खरं सांगायचं तर फार नव्हता कुरकुरला.

"काका," दुकानदार एकदा हात जोडून म्हणाला, "कॉम्प्युटर घेताय की मुलीसाठी स्थळ बघताय?"

बोलता बोलता मला एक गोष्ट खटकली होती. तिचा आवाज घुमायचा. एकदा मी विचारलंच, "तुझ्या खोलीत सामान नाही का गं?"

"आहे की. एक खुर्ची आहे."

"आणि कुणी येत-जात नाही?"

"पाणीवाला येतो. बरं, त्या पंखा कुरकुरणाऱ्याचा मॉडेल नंबर सांगा बघू."

असे तीन आठवडे गेले. मग दुकानदाराने एक जड सप्लाय समोर ठेवला. पाच वर्षांची गॅरंटी, लांब वायर, पंखा मुका. जोडीला साधं काळं कॅबिनेट, पुढे जाळी. खोड काढायचा मी जिवापाड प्रयत्न केला. संध्याकाळी मुलीनेही बराच वेळ माहिती वाचली आणि हळूच म्हणाली, "हो बाबा. हाच घ्यायला हवा." माझ्याइतक्याच पडेल आवाजात.

जोडायला पाच संध्याकाळी लागल्या. एकेक स्क्रू ती सांगणार आणि मी लावणार. रविवारी सहाला सुरू करू, असं ती म्हणाली होती.

मला कुठला धीर! चारलाच मी पुढचं बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर अक्षरं आली. एकदम ठणठणीत. झालं, संपलं. उद्यापासून पुन्हा जेवलात, गोळी, ठेवू. मी कॅबिनेटच्या मागे हात घातला, सप्लायचं बटण बंद केलं आणि सहाची वाट बघत बसलो.

"सुरूच होत नाहीये गं," फोन आल्याआल्या मी म्हणालो.

"असं? थांबा, घोडं कुठे पेंड खातंय ते बघू."

मग तिने मेमरी काढून परत बसवायला लावली. मी नुसताच खुडबुड आवाज केला. पुढच्या बटणाच्या वायरी विचारल्या, त्यांचे रंग विचारले. मोठा प्लग नीट बसलाय का, छोटा बसलाय का. मधेच आईच्या जुन्या कीबोर्डचं काय झालं म्हणाली, मग त्यावरून आई टाइप करताना कशी पुटपुटायची ते निघालं. दोघंही हसलो.

"बाबा, सप्लायच्या मागे एक बटण असतं. ते चालू आहे ना?"

बत्तीस वर्षं विजेशी खेळलेल्या माणसाला हा प्रश्न! कसलं बटण, असं म्हणणार होतो, पण जीभ उचलेना.

"बंद आहे," मी म्हणालो. "मीच केलंय. चारलाच सुरू झाला होता. तसं सांगितलं असतं तर तू फोन ठेवला असतास, म्हणून खोटं बोललो. मला करमत नाही गं इथे."

पलीकडून नुसता तिच्या रिकाम्या खोलीचा आवाज येत राहिला.

"बाबा, ऑफिसात कुणाचाही फोन आला ना, कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून," ती म्हणाली आणि नाक ओढलं, "तर मी सगळ्यात आधी हेच विचारते. मागचं बटण."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वासात वाजले होते.