बायकोसाठी गोफ

हाताची पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात. माझ्या उजव्या हाताची मात्र अर्धांगाच्या झटक्यानंतर अगदी सारखी झाली होती, पाचही सारखीच निकामी. पाय महिन्याभरात चालायला लागला, जीभ तर त्याच्याही आधी (ती कधी थांबलीच नव्हती, असं बायको म्हणते), पण बोटं काही ऐकेनात. शिंप्याची बोटं गेल्यावर उरतं काय? गळ्यातली टेप.

दुकान बंद होतं. शेजारचा वह्या-पेनवाला ते भाड्याने मागत होता आणि मुलगा येता-जाता विचारायचा, "बाबा, काय ठरलं?" त्याचंही चूक नव्हतं. पण दुकान एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की मी पुन्हा मशीनवर बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. "आधी बोटं काय म्हणतात ते बघू," असं सांगून मी त्याला वाटेला लावायचो.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक मऊ चेंडू दिला आणि दाबत बसा म्हणाल्या. मी काय तान्हं बाळ आहे? मी तो कपाटाखाली सोडून दिला. मग सून मेणाच्या दोऱ्याची रिळं आणि मण्यांची डबी घेऊन आली. "बाबा, गाठी मारून मनगटात घालायचे गोफ करा. आम्ही सगळे घालू." दुधाची तहान ताकावर, पण निदान ताक तरी होतं. फळीवर चार दोरे टाचायचे, मधले दोन ताणून धरायचे आणि कडेच्या दोघांनी त्यांच्याभोवती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गाठ मारत जायचं.

शिंपी म्हणजे मापाचा माणूस. ज्याला त्याला शोभेल तेच मी करणार. मुलगी बोलताना हात नाचवते, म्हणून तिचा गोफ रुंद आणि बिनमण्यांचा, नाहीतर समोरच्याच्या चष्म्याची खैर नव्हती. सून दिवसभर कॉम्प्युटरवर असते, तेव्हा तिचे मणी वरच्या बाजूलाच, खाली टेबलाला घासायला नकोत. मुलगा दागिना म्हटला की नाक मुरडतो. त्याच्यासाठी काळा दोरा आणि मधोमध कोटाचं एक पितळी बटण.

आणि काय सांगू, गोफ दिवसेंदिवस सुधारत गेले. रात्री फळीवर ठेवलेला गोफ दुसऱ्या दिवशी बघावा तर गाठी कशा एका ओळीत, मशीनवर घातल्यासारख्या. मुलं कौतुक करायची, मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

एका दुपारी माझी झोप मोडली. पाणी प्यायला उठलो, तर बायको खिडकीपाशी बसलेली. मांडीवर सुनेचा गोफ, हातात सुई. ती माझ्या गाठी एकेक करून सोडवत होती आणि पुन्हा मारत होती. तीस वर्षं दुकानात काजं आणि बटणं हिनेच केली. माझ्या हाताची हुबेहूब नक्कल करणारं माणूस जगात एकच, आणि ते माझ्याच घरात होतं.

"किती गोफ केलेस असे?" मी विचारलं.

तिने सुई खाली ठेवली. "सगळे."

"अगं, मला वेडा समजलीस काय? लहान पोरासारखं खेळवतेस?"

"ओरडू नका. पोरीचा पहिला गोफ जिन्यातच गळून पडला होता. तिने तो गुपचूप माझ्या हातात दिला, म्हणाली, बाबांना सांगू नकोस. तुमचं तोंड बघवत नव्हतं हो मला."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटलोय की हात सुधारला! सुधारलाय की नाही, हे मला कळायचं कसं?"

"मलाही नाही कळत आता," ती हळूच म्हणाली. "तुम्ही ठेवलात की मी लगेच सोडवायला घेते. तुमची गाठ कशी होती, ते बघतच नाही."

त्या रात्री मी फळीला हातही लावला नाही. राग तिच्यावर होता, हे खोटं. मला भीती वाटत होती.

सकाळी मात्र डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांचे गोफ झाले होते, हिचा तेवढा राहिला होता. पोपटी दोरा काढला. हा रंग तिच्या जिवाचा. लग्नापासून मी त्याला नावं ठेवत आलोय.

"डावा हात दे. गोफ थेट मनगटावरच बांधणार आहे. एका हाताने तुला काही लबाडी करता यायची नाही."

"माझी पोळी करपेल."

"करपू दे."

ती बसली. तिचा उजवा हात सारखा मदतीला धावायचा, शेवटी मी तो तिला मांडीखाली दाबून धरायला लावला. अंगठा अडखळायचा, दोरा निसटायचा, मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं तशी शेवटची गाठ तर जीव खाऊ लागली. एक टोक दातात धरलं, दुसरं बोटांत, आणि ओढलं.

"अहो, रुततंय!" ती ओरडली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. "काय म्हणालीस?"

"रुततंय म्हटलं. घट्ट झालाय." बोलता बोलता तिच्याही लक्षात आलं. मी सैल करायला गेलो, तर तिने हात मागे घेतला. "खबरदार हात लावाल तर!"

मग दिवसभर तिने त्या गोफाचे हाल केले. भांडी घासली, चादरी पिळल्या, येता-जाता बोट घालून ओढून पाहिलं. मी वर्तमानपत्राआडून बघत होतो आणि एकही ओळ वाचत नव्हतो.

संध्याकाळी मुलगा आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "बाबा, तो वह्या-पेनवाला आज उत्तर मागतोय. काय सांगू?"

मी तोंड उघडायच्या आत हिने मनगट त्याच्यापुढे धरलं. "हा सोडव आधी. मग दुकानाचं बोलू."

त्याने नखं लावली, मग सुई घेतली, मग खाली बसून चक्क दात लावले. कपाळावर घाम आला. "कुणी बांधलाय हा? तू?"

"स्वतःच्या हातावर मी कशी बांधणार रे?"

तो माझ्याकडे बघायला लागला. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

"आई, हा नाही सुटायचा. कात्री दे."

"कात्री दुकानात आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी हे उघडणार आहेत. तेव्हा ये."