टोळांची खोली

वाचकहो, पुढील पानांत एका सामान्य गृहस्थाच्या आयुष्यातील एका दुपारचे वृत्त सादर करण्यात येत आहे. त्यात पराक्रम नाही की चमत्कार नाही. एक मनुष्य, त्याची कन्या, एक सरडा आणि पुष्कळसे टोळ एवढाच या कथेचा परिवार असून, तीत एक असत्य भाषण घडते. ते योग्य की अयोग्य, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

"दार लाव आधी," बेव्हर्ली म्हणाली. "एक जरी बाहेर सुटला ना डॅड, तर मी गाडीची वाट न बघता पायीच निघेन प्लिमथला."

नेव्हिल टॅम्सने दार लावले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर तो नुकताच रुग्णालयातून घरी परतला होता, आणि अंगातील कोट काढण्याचीही उसंत न देता मुलीने त्याला हळूहळू जिना चढवून वर आणले होते. स्टोक शहराच्या बर्स्लेम भागातील त्या चिंचोळ्या घराची ही मागची खोली एके काळी बेव्हर्लीचीच होती. आता तेथे भिंतीलगत काचेच्या पेट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक पेटीत दिवा जळत होता आणि काटक्यांवर दाटीवाटीने बसलेले पिवळसर टोळ गवत खात होते. शेजारी बसून कोणी सतत कागद कुरतडत असावे, तसा तो आवाज येई. जानेवारीचा महिना असूनही नेव्हिल घरात इतरत्र हीटर क्वचितच लावी. ऊब होती ती एवढ्या खोलीत.

"हे बघ," असे म्हणून तिने दिव्याजवळची वाळूची बरणी दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरली.

टोळाची मादी ओलसर वाळूत शेपूट खोल खुपसून अंडी घालते. ती अंडी फुटली होती. तांदळाच्या दाण्याएवढी काळी पिल्ले बरणीच्या तोंडावरील जाळीला उलटी लोंबकळत होती.

"काल सकाळी निघाली. गवत पुसून पुसून घातलं, तू सांगितलंस तसं. एक पात ओली दिली नाही. एकसुद्धा मेलं नाही."

"माझ्याच्यानं नाही होत एवढं," नेव्हिल म्हणाला. "माझी तर दरवेळी थोडी मरतातच."

"मग मला कामावर ठेव. बिड्या फुंकत बसणार नाही तुझ्यासारखी."

ती हसली. तिचे हे हसणे ऐकून किती काळ लोटला, हे त्याला आठवेना. तिची आई ग्लेनिस गेली त्या वेळी बेव्हर्ली वेळेवर पोहोचू शकली नव्हती. नेव्हिलने फोन करण्यास उशीर केला होता, आणि तिनेही पहिली गाडी सोडून दुसरी पकडली होती. पुढे कोणी कोणाला दोष दिला नाही, आणि म्हणूनच कदाचित काही निस्तरले गेले नाही. फोनवर ती दोघे हवामानाविषयी बोलत. स्टोकला पाऊस आहे, प्लिमथलाही आहे, असे सांगून झाले की फोन ठेवीत. रुग्णालयात जाण्याचे ठरले तेव्हा, टोळांना उपाशी ठेवता येत नाही एवढ्याच कारणाने त्याने तिला बोलावले होते. ती लगेच रजा काढून आली होती.

खाली स्वयंपाकघरात तिने ओटकेक गरम केले. ओटच्या पिठाच्या त्या मऊ धिरड्यांत तिने आईच्या पद्धतीने चीज आणि बेकन गुंडाळले होते. नेव्हिल खुर्चीत बसला, तेव्हा दिवाणखान्यातील काचेच्या मोठ्या पेटीवर टाकलेली पांढरी चादर त्याला उघड्या दारातून दिसली.

ती क्वीनीची पेटी होती. क्वीनी ही वाळवंटी मुलखातील, गळ्याला काटेरी दाढी असलेली सरड्याची मादी. ग्लेनिस प्रथम आजारी पडली, त्या वर्षी तिने क्वीनीला घरी आणले. संध्याकाळी टीव्हीवर प्रश्नमंजुषा पाहताना क्वीनी तिच्या खांद्यावर बसे, आणि उत्तरे चुकली की ग्लेनिस तिलाच दोष देई. क्वीनीच्या खाण्यासाठी दुकानातून डब्यात मिळणारे टोळ अर्धमेले, लंगडे निघत. "असलं शिळं माझ्या पोरीला नको," असे म्हणून तिने ते घरीच वाढविण्याचे काम नवऱ्यावर सोपविले. कपबश्या भाजण्याच्या भट्टीवर आयुष्य घालविलेल्या माणसाला आच सांभाळता येते, असा तिचा युक्तिवाद होता. टोळ नेव्हिलचे आणि क्वीनी तिची, अशी वाटणी झाली. ग्लेनिस गेली त्या दिवशीही त्याने संध्याकाळी गवत कापून वर नेले. तो रडला नाही. रडायचे राहून गेले, आणि नंतर त्याला ते कोठून सुरू करावे हे कळले नाही. मात्र क्वीनी पेटीत मान वर करून पाहू लागली, की घरात अजून कोणी आहे असे त्याला वाटे.

"डॅड, क्वीनीचं सांगायचंय," बेव्हर्ली म्हणाली. "तू दुखण्यात होतास म्हणून फोनवर नाही बोलले."

मग तिने खाली मान घालून सर्व सांगितले. तो रुग्णालयात गेला त्याच दुपारी तिने पेटीत डोकावून पाहिले. दिवा बंद होता. क्वीनी सालीच्या तुकड्याखाली पडली होती, थंडगार, राखाडी, डोळे मिटलेली. तिने हलवून पाहिले, हाका मारल्या, नाकाशी आरसासुद्धा धरला. नंतर तिला तासभर मांडीवर घेऊन बसली.

नेव्हिलने हातातील काटा खाली ठेवला.

हिवाळ्यात ही जात झोपी जाते. काही आठवडे ती खात नाही, पीत नाही, हलत नाही; दिवा मालवून तिला थंडीत तशीच राहू द्यायची असते. टोळांविषयी त्याने मुलीला बारीकसारीक सर्व काही सांगितले होते. क्वीनीविषयी एक अक्षर काढले नव्हते, कारण क्वीनीचे काही करावयाचेच नव्हते.

"मांडीवर घेतलंस," तो म्हणाला.

"ममच्या वेळी मी नव्हते ना. म्हटलं, निदान हिला तरी एकटं पाठवायला नको." तिने नाक पुसले. "ममच्या टॉवेलात बाळासारखी घट्ट गुंडाळली. बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि गुलाबापाशी पुरली, ममची राख आहे तिथं."

"झाकण?"

"चिकटपट्टी लावली सगळीकडून. कोल्हे उकरतात ना."

नेव्हिलने खिडकीबाहेर पाहिले. अंगणातील गवतावर दुपारपर्यंत पांढरे दहिवर टिकून होते.

"मेलीच होती ना, डॅड?" तिने विचारले. "मी नीट बघितलं ना?"

त्याने काटा पुन्हा उचलला.

"मेलीच होती," तो म्हणाला. "म्हातारी झाली होती, बेव्ह. मी निघतानाच वाटलं होतं, आता काही खरं नाही हिचं."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढ्या लांबून आली होतीस. आल्या आल्या काय सांगायचं."

तेव्हा ती रडू लागली. आईच्या अंत्यविधीच्या वेळी ती रडली नव्हती, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने टेबलावरून हात लांब करून तिच्या मनगटावर ठेवला. असे किती वेळ ठेवायचे असते हे ठाऊक नसल्याने तो हात तेथेच राहिला. रडणे ओसरल्यावर तिने त्याच्या बशीकडे पाहून, खाणार आहेस की टोळांना घालू, असे विचारले. त्याने सर्व खाल्ले. त्याला कशाचीही चव लागली नाही.

तिला स्टेशनवर न्यावयास टॅक्सी आली. निघताना तिने त्याला मिठी मारली, टाके सांभाळून. ईस्टरला येईन, असे ती म्हणाली. असे तिने पूर्वी कधी म्हटले नव्हते.

टॅक्सी वळल्यावर नेव्हिल कुदळ घेऊन गुलाबापाशी गेला. वजन उचलू नये असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि माती थोडी थोडी ओढत राहिला. वरचा थर गोठलेला होता. डबा बाहेर काढून त्याने चिकटपट्टी सोडविली.

टॉवेल एका कडेला गोळा झाला होता. त्याचे धागे जागोजागी ओढले जाऊन बाहेर आले होते. क्वीनी टॉवेलात नव्हती. ती कोपऱ्यात होती, झाकण बसते त्या फटीशी नाक लावून.

त्याने तिच्या ताठरलेल्या पाठीवर बोट ठेवले आणि श्वास नाही याची खात्री झाल्यावर, बऱ्याच वेळाने उचलले. मग टॉवेल झटकून अंथरला, तिला मधोमध ठेवले आणि मुलीने सांगितले होते तशी, बाळासारखी घट्ट गुंडाळली. झाकण लावले. पट्टी पुन्हा सगळीकडून दाबून बसविली. माती ओढून वरून हाताने सारखी केली. टाक्यांच्या जागी दुखू लागले होते. ते त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात दुखत असल्यासारखे जाणवत होते.

हात धुऊन तो कुंडीतील गव्हाचे कोवळे गवत कापत असताना फोन वाजला. बेव्हर्ली गाडीतून बोलत होती. बसायला जागा मिळाली होती, आणि समोरचा माणूस तोंड उघडे टाकून घोरत होता.

"आता त्या टोळांचं काय करणार रे तू?" तिने विचारले.

नको असलेले टोळ फ्रीजरमध्ये ठेवतात. ते निमूटपणे झोपी जातात. हे नेव्हिलला माहीत होते.

"बघू," तो म्हणाला.

"पिल्लं ठेव बाबा. ती माझी आहेत."

"ठेवतो."

तो वर गेला आणि दार लावले. सकाळपासून अंगात असलेला कोट त्याने तेथे प्रथम काढला आणि खुंटीला टांगला. मग दिव्याजवळ स्टूल ओढून बसला. गवताची एकेक पात त्याने रुमालाने दोन्ही बाजूंनी पुसून कोरडी केली आणि बरणीत सोडली. पिल्ले खाऊ लागली. त्यांचा आवाज अजून ऐकू येण्याजोगा नव्हता, म्हणून त्याने कान जवळ नेला.

हे वृत्त आमच्या दोघांच्या अंगणांमधील भिंतीवरून मला एकदाच सांगण्यात आले आणि पुन्हा त्याचा उल्लेख झाला नाही. नावे मी बदलली आहेत. त्याच्या कन्येला मराठी वाचता येत नाही, हे जाणूनच ते येथे लिहिण्याचे धाडस केले. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
बळवंत तुकाराम घोसाळकर
बर्स्लेम