फिरोजी पेन कोणं केलं?

"बाबा, हे फिरोजी पेन कोणं केलं?"

नूपुरनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारच्या टेबलावर मातीचे दागिने मांडणाऱ्या बाईनंही मान वळवली. विचारायची कल्पना तिची नव्हतीच. रीना आणि चिन्मयी, तिच्या वर्गातल्या दोघी, खांबामागून तिला डिवचत होत्या. "आमच्यापुढं काय फुशारक्या मारतेस बे, मी केलं मी केलं! हिंमत असंन तं बाबांले विचार, लोकांसमोर!"

रामदासपेठेतल्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. नूपुरचे बाबा, सुमंत, ऑफिस सांभाळून घरच्या लेथवर, गरगर फिरवत घडवायच्या यंत्रावर, लाकडी पेनं करायचे. टेबलावर त्यांचीच रांग होती, आणि मधोमध काळ्या रेघांचं ते एकच दगडी पेन, निळंशार. मधुकरराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ ते बोटांत फिरवत होते.

बाबांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मधुकररावांकडे पाहून हसले. "आमच्या उन्मेषनं. मोठा मुलगा. इंजिनिअरिंगले आहे."

खांबामागं रीना आणि चिन्मयीनं एकमेकींकडे पाहिलं. नूपुरची कानशिलं तापली.

उन्मेषदादा! ज्यानं त्या पेनाचे मोबाईलवर चार फोटो काढले, तो उन्मेषदादा!

दगडाची भुकटी आणि राळ एकत्र दाबून बनवलेली ती कांडी लेथवर चढवायची म्हणजे चेष्टा नव्हती. लाकडाचा छिलका कसा लांब फितीसारखा निघतो. याची नुसती पांढरी भुकटी उडते, आणि जरा घाई केली की कडेचा टवकाच उडतो. बाबांनी अशा कितीतरी कांड्या फोडल्या होत्या. एका दमात ड्रिल आरपार घालायची त्यांची लाकडाची सवय. आत दगड तापायचा आणि कट्! नूपुर मात्र ड्रिल थोडं आत घालायची, बाहेर काढायची, भुकटी झटकायची, लेथ थांबवून कांडी गालाला लावून पाहायची. कोमट लागली की थांब. गार झाली की पुन्हा थोडं. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. फुटक्या तुकड्यांवर हात बसवत बसवत तिनंच ते शोधून काढलं होतं, आणि तेव्हापासून शाळेतही ती शेवटच्या बाकावरून उठून पहिल्या बाकावर बसायला लागली होती.

"मला अस्संच एक हवं," मधुकरराव म्हणाले. "पण बनताना बघायचंय. रविवारी घरी येतो. उन्मेषच्या हातचं बघू!"

"या ना, या!" बाबा म्हणाले.

दोघं सक्करदऱ्याला घरी पोचली. नूपुरनं चपला काढल्या आणि ती फुटली.

"खोटं काहून बोलले तुम्ही?"

"आवाज कमी कर," बाबा म्हणाले. "पोरीनं केलं म्हटलं का लोक त्याले शाळेचं प्रोजेक्ट समजतात. 'वा, छान' म्हणतात अन् ठेवून देतात. मी कोणाचं वाईट करून राहिलो का?"

"माझं करून राहिले!" नूपुर ओरडली.

"आई, तू तरी बोल ना!" ती स्वयंपाकघराकडे वळली.

"मले मधात नको ओढू वं," आई आतूनच म्हणाली. "एका नावानं काय बिघडते? घरातलंच तं आहे."

घरातलंच! मग घरातलंच नूपुरचं नाव काय कडू लागत होतं?

बाबांनी तोडगा काढला. कांडीचे नूपुरनं आधीच दोन तुकडे करून, ते कोरून, आत पितळी नळ्या चिकटवून, जवळपास मापावर आणून ठेवायचे. रविवारी उन्मेषनं फक्त शेवटचा हात फिरवायचा. टीव्हीवर आधीच शिजवलेली भाजी काढून दाखवतात तसं.

"मले नाही करायचं हे नाटक," उन्मेष पुटपुटला.

"उभं राहायचं आहे नुसतं," बाबा म्हणाले.

नूपुर साफ नाही म्हणणार होती. पण फिरोजी कांडी एकच उरली होती, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर बाबांनीच ड्रिल हातात घेतलं असतं. त्या कांडीचे तुकडे तिला डोळ्यांसमोर दिसले. तिनं दातओठ खात काम केलं.

रविवारी मधुकरराव आले, चहा झाला, सगळे मागच्या पडवीत लेथभोवती जमले. उन्मेषनं चष्मा चढवला, मास्क लावला, लेथ सुरू केलं आणि हत्यार दगडाला भिडवलं. जोरात. दगड किंचाळला.

नूपुरला कळलं, अजून एक क्षण आणि कड जाणार. जाऊ दे! फुटू दे सगळ्यांसमोर! कळू दे एकदाचं! मनात हे चालू असतानाच तिचा हात लेथ बंद करायच्या लाल बटणावर गेला होता. लेथ थांबलं. स्वतःचाच तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"हट गा दादा."

उन्मेष सुटका झाल्यासारखा बाजूला झाला. तिनं केस वर बांधले, मास्क ओढला, हत्याराची धार बोटानं चाचपली आणि हलकाच हात ठेवला. किंकाळीची गुणगुण झाली. भुकटी उडत राहिली. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही. रेघा अशा उजळल्या की आई नकळत जवळ सरकली.

आता तरी, नूपुरला वाटलं. आता बाबा बोलतील.

मधुकररावांनी टाळ्या वाजवल्या. "वा! म्हणजे उन्मेषनं बहिणीलाही शिकवलं म्हणायचं!"

नूपुरनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी एकदा लेकीकडे, एकदा गिऱ्हाइकाकडे पाहिलं, आणि हसले. "हो... थोडंफार."

नूपुरनं लेथच्या दांड्यावरून दोन्ही दगडी नळ्या, एक अंगाची आणि एक टोपीची, काढल्या. निब, टोपीची कडी, सगळं बाजूला वाटीत पडलं होतं. जोडायचंच तेवढं बाकी होतं. तिनं नळ्या मुठीत घेतल्या आणि मूठ मागं नेली.

"काका, हे पेन तुम्हाला मिळणार नाही."

"अगं, पण उन्मेषला तरी विचार!"

"मले काहून विचारायचं?" मास्क गळ्यात ओढत उन्मेष म्हणाला. "मले तं ते धरताबी येत नाही."

मधुकररावांनी वळून बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पडला. "नूपुर, आत जा."

"नाही जात." तिनं मूठ आणखी घट्ट केली. "बाबा, आई, दोघंही ऐका. आजपासून दुसऱ्याच्या नावाच्या पेनासाठी मी लेथचं बटण दाबणार नाही. पुढच्या प्रदर्शनात टेबलामागं मी बसणार. कोणं केलं म्हणून कोणी विचारलं का मी सांगणार. प्रोजेक्ट म्हणून ठेवून दिलं तं देऊ दे! मी ठरवलं आहे. तुम्हाले यायचं असंन तं या."